शुक्रवारच्या पिवळ्या गोळ्या

शुक्रवारी रात्रीची जेवणं झाली की माझी बहीण फडताळातून स्टीलचा डबा काढायची. त्यात औषधांच्या पट्ट्या, एक कात्री, एक छोटी वाटी, आणि झाकणाला आतून चिकटवलेला कागद. कागदावर वारांचे रकाने आखलेले. सहा वारांना एकेक खूण, शुक्रवारी दोन. रोजची खूण मर्कॅप्टोप्युरिनची, शुक्रवारची दुसरी मेथोट्रेक्सेटची, दोन्ही रक्ताच्या कर्करोगावरची औषधं. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या अगदी बारीक आणि पिवळ्या. माझी भाची त्या तळहातावर ओतून घ्यायची, मोठ्यानं मोजायची, सात झाल्या की एका घोटात गिळून टाकायची. वय वर्षं आठ. हे औषध आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं, चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं, म्हणून बहीण खूण केल्याशिवाय डबा बंद करत नसे. खूण केल्यावर बोटानं तो कागद एकदा दाबून बघायची, निघाला तर नाही ना म्हणून.

दीड वर्ष हे चाललं. त्याच्या आधीचं वर्ष कसं गेलं ते सलग आठवत नाही, तुकडे आठवतात.

बहीण कराडकडच्या एका गावात राहते. पोरगी पहिलीतून दुसरीत गेली आणि शाळेच्या वाटेवर मध्येच बसायला लागली. रात्री पाय दुखतात म्हणायची. वाढीचं वय आहे म्हणून बहीण तेल लावून पाय चेपत बसायची. मग अंगावर काळेनिळे डाग. गावातल्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, ‘रक्त कमी आहे’ म्हणाले आणि लोह व फोलिक अ‍ॅसिडचं लाल टॉनिक लिहून दिलं. दोन महिने ती बाटली चालली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पांढरटलेली मुलं त्यांच्याकडे रोज येतात, त्यातल्या बहुतेकांचं टॉनिकनं भागतं. पण ताप उतरेना आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना, तेव्हा रक्त तपासायला कराडला पाठवलं. लॅबवाल्यानं रिपोर्ट न्यायला यायची वाट बघितली नाही, संध्याकाळीच फोन केला. तिसऱ्या दिवशी सगळे माझ्याकडे काळाचौकीला. एएलएल, रक्ताचा कर्करोग, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा.

‘एवढ्याशा पोरांना पण होतो कॅन्सर?’ आमच्या आईनं विचारलं होतं. आजही लोक मला हेच विचारतात. होतो. जगात दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना होतो. बहिणीचा प्रश्न वेगळा होता: ‘माझ्या हातून काय चुकीचं खायला गेलं?’ काहीच गेलं नव्हतं. मुलांच्या बहुतेक कर्करोगांमागे खाणंपिणं नसतं, सवय नसते, आईचं दुर्लक्ष तर नसतंच. ही एक गोष्ट कळली तरी निम्म्या आया रात्री झोपतील असं मला वाटतं.

आणि दुसरी गोष्ट लवकर ओळखण्याची. न उतरणारा ताप, पांढरटपणा, मार न लागता पडलेले डाग, रात्री उठवणारी हाडांची दुखी, कुठेही आलेली आणि वाढत जाणारी गाठ, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी. फोटो काढला की बाळाच्या एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, तीही. मोबाईलवरचे बाळाचे फोटो आपण रोज शंभर वेळा बघतो, ती चमक दिसली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जायचं. पुष्कळदा दुसरंच काहीतरी निघेल. निघू दे.

परळला टाटा रुग्णालयात आम्ही इतक्या वेळा गेलो की तिथल्या चहावाल्याला भाचीचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, तोंडपाठ झाले होते. ‘आज काउंट किती?’ हाच तिथला नमस्कार. काउंट पडले की केमो पुढे ढकलली जाते, म्हणजे गावाकडून आलेल्यांचा मुक्काम वाढतो. कुणी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, कुणी सेंट ज्यूडच्या केंद्रात, कुणी सरळ फुटपाथवर प्लास्टिक बांधून. आमचं नशीब की माझी खोली होती.

त्या दिवसांत मी खूप चालले. पोरीला पाठीतलं इंजेक्शन द्यायला आत नेलं की मला बाहेर बसवत नसे. टाटापासून केईएम, वाडिया, आणि पुढे हाफकिन संस्थेच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. हा सगळा माझा लहानपणापासूनचा मुलूख. माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. शेवटच्या महिन्यापर्यंत उभ्यानं काम करायची. तिच्याबरोबरच्या कितीतरी बायका बाळंतपणात ‘पांढऱ्या पडून’ गेल्या असं ती सांगायची, अगदी साध्या आवाजात, पाऊस पडला असं सांगावं तसं.

हाफकिनच्या त्या फाटकाशी जोडलेली एक हकिगत मला त्याच दिवसांत वाचायला मिळाली, आणि ती मी अजून लोकांना धरून धरून सांगते.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणगावातल्या आणि एकूणच गरीब घरांतल्या गरोदर बायका का पांढऱ्या पडतात आणि का मरतात, हे शोधायला. तिचा मुक्काम परळच्या या हाफकिन संस्थेत. तिनं या बायका काय खातात ते लिहून काढलं, त्यांचं रक्त तपासलं. नुसतं लोह देऊन भागत नव्हतं. त्या काळी पंडुरोगावर नावाजलेला यकृताचा शुद्ध अर्कही इथे चालेना. चाललं ते यीस्टपासून केलेलं एक स्वस्त, काळं, खारट चाटण, मार्माइट नावाचं. त्या बायका भराभर सुधारल्या. १९३१ साली तिनं हे छापलं. यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. पुढे तेच पालकाच्या पानातून वेगळं काढलं गेलं आणि पानावरूनच त्याला नाव मिळालं: फोलिक अ‍ॅसिड. भाचीच्या लाल टॉनिकमधलं.

आता पुढचा धागा अमेरिकेत जातो. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांचं काम सूक्ष्मदर्शकाशी. रक्ताचा कर्करोग झालेली मुलं त्यांच्यापर्यंत बहुतेक वेळा मेल्यावरच पोचत. १९४७च्या सुमाराला त्यांच्या मनात आलं की फोलिक अ‍ॅसिड पांढऱ्या पडलेल्या बायकांचं रक्त ताळ्यावर आणतं, तर या मुलांचंही आणेल. त्यांनी ते दिलं आणि उलटंच झालं. रोग जोरात वाढला.

इथे मी दर वेळी थांबते. एखाद्यानं ती फाईल लाजेनं मिटून ठेवली असती. फार्बरनी उलटा विचार केला. फोलिक अ‍ॅसिडनं या पेशी फोफावतात, तर ते अडवलं तर? फोलिक अ‍ॅसिडसारखंच दिसणारं पण खोटं असं काहीतरी पेशींना खायला घातलं तर? आणि असं खोटं फोलिक अ‍ॅसिड बनवणारा माणूस होता आपल्या आंध्रातल्या भीमावरमचा. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या रोगानं गेले होते, ज्यात फोलिक अ‍ॅसिडच कामी येतं, पण भाऊ गेले तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत सुब्बारावांच्या चमूनं १९४५ साली फोलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या तयार केलं, आणि त्याच हातांनी मग त्याचे शत्रूही. त्यातला एक अमिनोप्टेरिन. फार्बरनी तो १६ मुलांना दिला. १० मुलांमध्ये रोग मागे हटला. काही मुलं खेळायला लागली. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फार्बरनी शीर्षकातच ‘तात्पुरता’ हा शब्द घातला होता, कारण काही महिन्यांत रोग परत आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. अमिनोप्टेरिनचा धाकटा, जरा सौम्य भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमच्या डब्यातल्या पिवळ्या गोळ्या.

परळच्या बायकांच्या रक्तापासून निघालेली गोष्ट बोस्टनला जाऊन, जवळजवळ नव्वद वर्षांनी परळला परत आली, आणि माझ्या आजीच्या पणतीच्या तळहातावर मोजली गेली. सात.

यात अजून एक धागा इथलाच आहे. विल्सबाई हाफकिनमध्ये काम करत होत्या त्याच सुमाराला, १९३१ साली, उद्योगपती दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. दोराबजींनी १९३२ साली पत्नीच्या नावे एक न्यास केला, तो खास रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी, आणि नुसता मुंबईसाठी नाही, जगभरातल्या संशोधकांसाठी. तेव्हा हा रोग बरा करणारं एकही औषध नव्हतं. ज्या रोगावर काहीच करता येत नाही, त्यावर पैसे लावायचे! परळचं रुग्णालय उभं राहिलं ते नंतर, १९४१ साली.

फार्बरना पैसे कुठून मिळाले हेही सांगायला हवं. २२ मे १९४८ ला अमेरिकेतल्या एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमानं त्यांच्या वॉर्डातल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या खाटेजवळ माइक ठेवला. त्याचं खरं नाव लपवून ‘जिमी’ म्हटलं. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू एकेक करून आत आले. जिमीला सामने बघायला टीव्ही हवाय, लोकांनी २० हजार डॉलर जमवले तर मिळेल, असं सांगितलं. लोकांनी २ लाखांच्या वर पाठवले. जिमीला टीव्ही मिळाला, आणि उरलेल्यातून मुलांच्या कर्करोगाचं संशोधन उभं राहिलं. हा मुलगा कधीच गेला असणार असं सगळे धरून चालले होते. पन्नास वर्षांनी, १९९८ साली, तो स्वतःच समोर आला. एइनार गुस्ताफसन, ट्रक चालवणारा, नातवंडं असलेला आजोबा.

आता आमच्या घरातली गोष्ट. उपचार सुरू होऊन काही दिवस झाले होते. डॉक्टरबाईंनी बहिणीला आणि मला बसवलं आणि मराठीत छापलेले काही कागद पुढे केले. एका अभ्यासात मुलीला घ्यायचं का, असं विचारत होत्या. दोन पद्धती आहेत, दोन्ही चांगल्या आहेत, पण आपल्याकडच्या मुलांना कुठली जास्त मानवते ते बघायचंय. कुठल्या मुलाला कुठली, ते संगणक ठरवणार.

बहिणीनं कागद हातातही घेतले नाहीत. ‘म्हणजे माझ्या पोरीवर प्रयोग करणार?’

हा शब्द तिनं असा उच्चारला की मला माझ्या अंगावर काटा आलेला आठवतो. आपल्याकडे प्रयोग हा शब्द नाटकाला लावला तर टाळ्या, आणि माणसाला लावला तर उंदीर. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आत्ता तिला जी औषधं चालू आहेत ना, त्यातलं प्रत्येक औषध कधीतरी कुणाच्या तरी मुलाला पहिल्यांदा दिलं होतं. त्याच्या आईला आम्ही काहीच सांगू शकत नव्हतो. तुम्हाला निदान एवढं तरी सांगू शकतोय.’ मग म्हणाल्या, नाही म्हणालात तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही, घरी न्या, वाचा, दोन दिवसांनी सांगा.

त्या रात्री मी ते कागद मोठ्यानं वाचले. स्वयंपाकघरात, दार लोटून. बहीण तांदूळ निवडत होती, एकेक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, ‘यात आपल्या पोरीचा फायदा कुठे लिहिलाय?’ मी शोधलं. लिहिलं होतं की या मुलाला थेट फायदा होईलच असं नाही, पुढे येणाऱ्या मुलांना होऊ शकेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या सोळा पोरांच्या आयांनी पण असंच तांदूळ निवडत ठरवलं असेल.’ मी तिला फार्बरांची गोष्ट दुपारीच सांगितली होती. तिनं सही केली. तिनं नाही म्हटलं असतं तरी मला ते पटलं असतं, हेही लिहून ठेवते.

आपल्या मुलांवर आपल्याच देशात अभ्यास का लागतो, ते मला वॉर्डातच कळलं. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांमधली ऐंशीहून जास्त बरी होतात. पण तिकडचा जहाल उपचार जसाच्या तसा इथे आणला तर आपली उशिरा आलेली, अंगानं वाळलेली मुलं रोगानं नाही तर जंतुसंसर्गानं जायची भीती. म्हणून १९८०च्या दशकात मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांच्या मदतीनं एमसीपी-८४१ नावाचा, इथे झेपेल असा प्रोटोकॉल, म्हणजे औषधांचा आखलेला क्रम, बसवला आणि त्यानं इथली कितीतरी मुलं वाचली. २०१६ पासून देशातली अनेक रुग्णालयं मिळून एएलएलवर एकत्र अभ्यास करू लागली.

आणि संशोधन म्हणजे नुसत्या परीक्षानळ्या नव्हेत. टाटामध्ये २००९च्या सुमाराला शंभरातली वीसेक मुलं उपचार अर्ध्यावर सोडून घरी जात. का जातात, हे कुणीतरी बसून विचारलं. राहायला जागा नाही, गाडीभाडं नाही, घरी दुसरं मूल आजारी. मग राहण्याची, जेवणाची, रक्ताची, फोन करून परत बोलावण्याची घडी बसवली गेली, आणि ते प्रमाण पाचाच्याही खाली आलं. एकही नवं औषध न शोधता.

तरीही नवी औषधं लागतातच, आणि तिथे मुलांचा नंबर नेहमी मागून. मुंबईची आयआयटी आणि टाटा यांनी मिळून कार-टी नावाचा उपचार तयार केला, रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, लढायला शिकवून परत सोडायचा. परदेशातल्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली, तेव्हा मी पेढे वाटले. मग नीट वाचलं: वय वर्षं पंधरा आणि पुढे. आमच्या वॉर्डात तेव्हाही सहा-सात वर्षांची मुलं रिलॅप्स होऊन, म्हणजे रोग उलटून, पडलेली होती. मुलांवरचा अभ्यास वेगळा करावा लागतो, त्याला वेगळी वर्षं आणि वेगळा पैसा लागतो. मुलांचे कर्करोग मोठ्यांच्या मानानं थोडे, म्हणजे बाजारपेठ छोटी, म्हणजे औषध कंपन्यांना घाई नाही. मग उरतं सरकार आणि उरतो आपण.

आपण देतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. भाचीसाठी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळानं चार दिवसांत चाळीस हजार जमवले. कुणी नाव सांगितलं नाही, पावती मागितली नाही. पुढच्या वर्षी मी त्याच मंडळाकडे गेले, म्हटलं या वेळी संशोधनासाठी द्या. खजिनदार माझ्या भावासारखाच आहे. म्हणाला, ‘ताई, द्यायला ना नाही, पण फलकावर फोटो कुणाचा लावायचा?’

त्याचा प्रश्न खोटा नाही. समोर टक्कल पडलेलं पोर असलं की हात आपोआप खिशाकडे जातो. ज्या मुलाला अजून काहीच झालेलं नाही, जे कदाचित जन्मलंही नाही, त्याचा फोटो कुठून आणायचा? मी त्याला जिमीची गोष्ट सांगितली. एका मुलाच्या टीव्हीसाठी आलेल्या पैशांतून सगळ्या मुलांसाठी प्रयोगशाळा कशी झाली ते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या वर्षी पाच हजार दिले. मला ते चाळिसाहून मोठे वाटले.

बहिणीच्या अंगणात सदाफुली आहे, कुणाच्या नसते? गावातल्या बायका साखरेवर म्हणून तिची पानं चघळतात. कृपा करून चघळू नका, ती विषारी आहेत. पण त्याच समजुतीचा माग काढत कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५०च्या दशकात तिचा अर्क उंदरांना दिला. साखर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्या वाटेनं पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन हाती आलं. एक ग्रॅम काढायला क्विंटलांनी पानं लागतात. भाचीला ते शिरेतून द्यायचे, आणि त्याच्या परिणामानं काही महिने तिची चप्पल पायातून निसटायची. गावी गेल्यावर ती त्या झाडाजवळून जाताना पाय सांभाळून टाकायची. आता ती नववीत आहे, त्याच पायांनी शाळेच्या खो-खो संघात खेळते.

उपचार संपले तरी बहिणीची शुक्रवारची सवय सुटली नाही. गोळ्यांच्या त्याच डब्यात ती दर शुक्रवारी पन्नास रुपये टाकते आणि कागदावर खूण करते. १५ फेब्रुवारीला, मुलांच्या कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, डबा मोकळा करायचा असं ठरलेलं. गेल्या फेब्रुवारीत ती मुंबईला आली, दोघी मिळून एका रुग्णालयाच्या देणगी खिडकीवर गेलो. खिडकीतल्या मुलानं फॉर्म पुढे केला आणि न बघता विचारलं, ‘कुठल्या पेशंटसाठी?’

‘तो अजून आजारी पडलेला नाही,’ बहीण म्हणाली.

त्यानं मान वर केली. तिनं डब्यातल्या नोटा काउंटरवर ठेवल्या, एकेक सरळ करत. त्यानं त्या दोनदा मोजल्या, रुग्णाच्या नावापुढे आडवी रेघ ओढली आणि खाली शाईनं लिहिलं: संशोधन. रुपये २,६००.